ताबारेषा ओलांडणारा शुक्र

२०१२ च्या हिवाळ्यात शिवारात रात्रपाळीने गव्हाला पाणी देणाऱ्यांच्या डोक्यावर, रोहिणीच्या शेजारी, गुरू ठळक झळकत होता. त्याचे कुणाला काही वाटण्याचे कारण नव्हते. तिकडे लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठच्या ठाकुंग भागात मात्र त्याच गुरूची सरकारदरबारी नोंद होत होती, ‘अज्ञात उडती वस्तू’ म्हणून!

जवानांना हसण्याचे कारण नाही. समोर चीन, मधली ताबारेषा जमिनीवर कुठेच आखलेली नाही, आणि क्षितिजावरून एक पिवळसर दिवा सावकाश वर चढतो आहे. परग्रहवासीयांचा विचार तिथे कोण करतो? पहिला संशय चिनी ड्रोनचा. लेहच्या चौदाव्या कोअरने आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांनी अशा नोंदी वर पाठवल्या. डोंगरमाथ्यावर फिरते रडार आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेले गेले. डोळ्यांना लख्ख दिसणारी वस्तू रडारवर उमटेना, तिच्याकडून कसला संदेशही पकडता येईना. मग टेहळणीचे ड्रोन तिच्या दिशेने सोडले. ते झेपेल तितके उंच गेले, पण वस्तू हाती लागली नाही. कशी लागणार? ती साठ कोटी किलोमीटरांवर होती.

अखेर लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला गाठले. तोवर ३२९ नोंदी झाल्या होत्या आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने ताबारेषा ओलांडल्याचे लिहिलेले होते. खगोलशास्त्रज्ञांनी मागितले ते अगदी साधे होते: वस्तू कधी दिसते, कधी दिसेनाशी होते आणि ताऱ्यांच्या संदर्भात कुठे सरकते, एवढे लिहून ठेवा. जवानांनी ते इमानेइतबारे लिहिले. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास उगवायची आणि पहाटे पाचपर्यंत दिसायची. दुसरी पहाटे चारला यायची आणि सकाळी अकराला विरून जायची.

पंचांग बघणाऱ्याला इथेच उत्तर मिळते. ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे सूर्यास्ताला उगवून रात्रभर आकाशात. शुक्र त्या काळात पहाटेचा. चार हजार मीटरहून उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत तो उजाडल्यावरही बराच वेळ दिसत राहतो. २०१३ च्या उन्हाळ्यात हा निष्कर्ष वर्तमानपत्रांत आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लडाखमधल्याच देपसांगला चिनी सैन्याचे तंबू पडले होते, ते मात्र खरोखरचे.

अज्ञात उडत्या वस्तूंच्या नोंदी तपासण्याचा हाच उद्योग अमेरिकी हवाई दलाने फार मोठ्या प्रमाणावर केला होता. १९५२ ते १९६९ या काळात चाललेल्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’कडे एकूण १२,६१८ प्रकरणे जमली. त्यांतली बहुतेक तारे, ग्रह, फुगे, विमाने यांतच निकालात निघाली, ७०१ अनुत्तरित राहिली. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक सुरुवातीला टर उडवणाऱ्यांत होते. पुढे त्यांनीच तपासाच्या उथळपणावर टीका केली.

रोज दिसणारी गोष्ट उलगडते, एकदाच दिसलेली अडून बसते. २७ सप्टेंबर २००४ ला हिमाचलातल्या समुद्र टापू हिमनदीजवळ ‘इस्रो’च्या अहमदाबाद केंद्रातले डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी अभ्यासासाठी गेले होते. त्यांना उतारावरून सरकणारी, चारेक फूट उंचीची, यंत्रमानवासारखी पांढरी आकृती दिसली. थोड्या वेळाने ती हवेत उठली आणि गेली. फोटो निघाले. कुलकर्णींनी प्रत्येकाची साक्ष वेगवेगळी घेतली, अहवाल लष्करासह वरपर्यंत गेला. तपासाची ही रीत चोख म्हणावी अशीच, पण पडताळून पाहायला ती आकृती पुन्हा आलीच नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अशीच एकदा एक अज्ञात उडती वस्तू दिसल्याने उड्डाणे काही तास थांबवावी लागली. हवाई दलाने शोधासाठी राफेल विमाने पाठवली. ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही, असे पूर्व हवाई कमांडने जाहीर केले.