सहीखालचा इतिहास

नांदेड-लातूरकडील कित्येक पिढ्यांनीं समुद्र डोळ्यांनीं पाहिला नसेल. तरी समुद्रावरील कांहीं कागदांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तिचा आपल्या घरांतील दप्तरांशीं संबंध आहे.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं असा दंडक घातला कीं, त्यांचा ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घेतल्यावांचून हिंदी महासागरांत कोणीं जहाज हांकारूं नये. त्यांत जहाजाचें नांव, नाखुदा, शस्त्रें आणि जावयाचें बंदर यांची नोंद असे. परवाना नसला, तर जहाज जप्त होई. चौल बंदर ज्यांच्या राज्यांत होतें, त्या निजामशाही सुलतानांसही मक्केकडील जहाजांकरितां तो घ्यावा लागे. पुढें कान्होजी आंग्रे यांनीं तोच न्याय कोंकण किनाऱ्यावर लागू केला. त्यांच्या दस्तकावांचून जाणारें गलबत ते अडवीत. मुंबईकर इंग्रजांस हें मानवेना. त्यांनीं १७१८ सालीं खांदेरीवर आणि १७२० सालीं विजयदुर्गावर चाल केली. दोन्ही वेळां त्यांना हात हालवीत परतावें लागलें.

अमेरिका स्वतंत्र होतांच तिच्या जहाजांवरील ब्रिटिश परवान्यांचें छत्र गेलें, आणि १७८५ सालीं अल्जीयर्सच्या चांच्यांनीं तिचीं दोन जहाजें धरलीं. अल्जीयर्सशीं तह झाल्यावर, १७९६ पासून, अमेरिकेनें भूमध्य समुद्रासाठीं चर्मपत्रावर परवाने काढले. त्यांचा वरचा भाग नागमोडी कापून तिकडील बंदरांत धाडीत. इंग्रजी न येणाऱ्या चांच्यालाही दोन्ही कडा जुळवून खरेंखोटें ओळखतां येई. खालीं राष्ट्राध्यक्षांची सही असे. वॉशिंग्टन किंवा जेफर्सन यांच्या सहीचे असे कागद आज संग्राहक मोठ्या हौसेनें शोधतात.

मौज अशी कीं, अध्यक्ष छापील कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ठेवीत. जहाजाचें नांव, कप्तान, तोफा आणि खलाशी हा तपशील मागाहून बंदरावर भरला जाई. सहीला मोल येतें खरें. परंतु कोणतें जहाज कोणाच्या हुकमतींत निघालें, हें कारकुनाच्या त्या ओळीच सांगतात.

आपल्याकडील राजपत्रांचेंही तसेंच आहे. माथ्यावर शिक्का, शेवटीं मोर्तब आणि मधला मजकूर लेखनिकाच्या हातची मोडी. शिक्का देखणा म्हणून रुमालांतून एकच पान काढून विकलें, तर तें पान पोरकें होतें आणि मागें राहिलेल्या कागदांचा धागा तुटतो. निलंग्यास १९१० सालीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीं मोगल-मराठ्यांच्या झुंजीचा जो इतिहास मराठींत आणला, तो फारसी कागदांचा मजकूर ओळीनें वाचूनच.

उदगीर, कंधार, औसा या भागांत कोणाच्या माळ्यावर असा रुमाल असेल, तर त्याला कसर लागण्यापूर्वीं तो खालीं काढावा. कागदांचा क्रम मोडूं नये, शिक्के कापूं नयेत. मोडी किंवा फारसी वाचणाऱ्या जाणकाराकडून तो सबंध वाचून घ्यावा, एवढीच विनंती.