नाट्यप्रयोगपूर्व परिचय
नाट्यप्रयोगपूर्व परिचय : नाटकाच्या प्रयोगाआधी प्रेक्षकांना त्याची ओळख करून देण्याची प्रथा. खुल्या रंगमंदिरांत अभिजात नाटके सादर करणाऱ्या काही आधुनिक महोत्सवांत हे काम तज्ज्ञ व्याख्याते करतात. प्रथेचे प्राचीन रूप मात्र अथेन्समध्ये आढळते. तेथे नाटककार स्वतःच प्रेक्षकांसमोर येत असे.

अथेन्समध्ये डायोनायसस या देवतेच्या वसंतोत्सवात नाट्यस्पर्धा होत. त्यांच्या आधी ‘प्रोआगोन’ (प्रो–पूर्वी, आगोन–स्पर्धा) हा कार्यक्रम होई. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास पेरिक्लीझच्या पुढाकाराने रंगमंदिरालगत ओडिऑन ही छपराची, बहुस्तंभी वास्तू उभी राहिली. तेथे तो होऊ लागला. स्पर्धक कवी आपल्या नटांसह व्यासपीठावर येऊन आपल्या नाटकांचा विषय जाहीर करी. नट या वेळी मुखवटे घालीत नसत.

या प्रथेला व्यावहारिक कारणेही होती. प्रत्येक शोकात्मिकाकार तीन शोकात्मिका व एक सॅटर नाटक सादर करी. त्यांतील सर्व भूमिका बहुधा तीनच नट मुखवटे बदलून करीत. छापील पत्रिका नव्हती. कथानके पुराणकथांतून घेतलेली असली, तरी ख्यात कथाही थोड्यांनाच ज्ञात असतात, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात नमूद केले आहे. शिवाय कवी मूळ कथेत फेरफार करीत. युरिपिडीझच्या हेलन (इ. स. पू. ४१२) या नाटकातील नायिका ट्रॉयला गेलेलीच नसते.

प्रोआगोन हा केवळ माहिती देण्याचा उपचार नव्हता. युरिपिडीझच्या प्राचीन चरित्रात एक आख्यायिका आहे. त्याच्या मृत्यूची वार्ता आल्यावर वृद्ध सॉफोक्लीझ शोकवस्त्रे परिधान करून प्रोआगोनला आला; त्याने आपल्या वृंदाला व नटांना पुष्पमुकुटांविना आणले आणि ते पाहून जनसमुदायाला रडू आवरले नाही. सॉफोक्लीझही इ. स. पू. ४०६ मध्येच निवर्तला. कवी आणि नगर यांच्यातील प्रत्यक्ष नाते या कथेतून प्रकट होते.

इ. स. पू. ३८६ मध्ये या उत्सवात जुन्या शोकात्मिकेचा पुनःप्रयोग झाल्याची नोंद शिलालेखात आहे. कवी हयात नसलेल्या नाटकाचा परिचय कोणी करून द्यावयाचा, हा प्रश्न येथून निर्माण होतो. त्याचे उत्तर पुढे विद्वानांनी दिले. ॲलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझंटियमचा ॲरिस्टोफेनीस (इ. स. पू. सु. २५७–१८०) याच्या नावाने ओळखली जाणारी नाट्यप्रास्ताविके उपलब्ध आहेत. त्यांत कथासार, घटनास्थळ, वृंदाचे स्वरूप, प्रारंभीचे भाषण करणारे पात्र, स्पर्धेचा निकाल इ. माहिती मोजक्या शब्दांत येते. ती वाचकांसाठी असली, तरी कवीच्या जागी तज्ज्ञ आला तो असा.

संस्कृत नाटकातील प्रस्तावनेशी या प्रथेची तुलना करता येते. तेथे सूत्रधार कवीचे व नाटकाचे नाव सांगतो. मालविकाग्निमित्रात तर भासादी प्रथितयश कवींना सोडून वर्तमान कवीची कृती का निवडावी, ही शंकाही उपस्थित केली आहे. तथापि ही प्रस्तावना नाट्यसंहितेचाच भाग असते, तर प्रोआगोन नाटकाबाहेरचा होता.

विसाव्या शतकात प्राचीन खुली रंगमंदिरे पुन्हा वापरात आली. सिसिलीतील सिराक्यूझ येथे १९१४ मध्ये एस्किलसच्या ॲगमेम्नॉनचा प्रयोग झाला. ग्रीसमधील एपिडॉरस येथे १९५० नंतरच्या दशकात नियमित महोत्सव सुरू झाला. सिराक्यूझला नाटके इटालियन अनुवादात, तर एपिडॉरसला प्रामुख्याने आधुनिक ग्रीक अनुवादात होतात. म्हणजे ग्रीक प्रेक्षकालाही मूळ भाषा सहजगम्य राहिलेली नाही. वृंदगान, देवतांविषयीच्या श्रद्धा व दफनासंबंधीचे आचार यांचे संदर्भही दूर गेले आहेत. हे अंतर कमी करणे, हे व्याख्यात्याचे कार्य होय.

अशा परिचयाची गरज ही प्रेक्षकाच्या अज्ञानाची खूण मानली जाते. परंतु नाटके ज्यांच्यासाठी लिहिली गेली, त्या अथेन्सच्या नागरिकांनाही तो दिला जात होता. मात्र प्रोआगोन स्पर्धेपूर्वी संपे आणि नाटकाचा निर्णय रंगमंदिरातच होई. आधुनिक व्याख्यानानेही हीच मर्यादा पाळणे इष्ट ठरते.