शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती
शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती : नासिकजवळील शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेल्या वसाहतीतील मुक्तदासांचा समुदाय. हिंदी महासागरातील गुलामवाहू गलबतांतून ब्रिटिश नौदलाने सोडविलेली मुले येथे आश्रयास आली. त्यांना इंग्रजी, धर्मशिक्षण व सुतारकामासारखे धंदे शिकवीत. मूळ नावे जाऊन इंग्रजी नावे आली. त्यांच्या हाती आलेल्या बायबलात कृष्णवर्णीय माणसे परकी नव्हती. मोशेची पत्नी कूशी होती. चिखलाच्या विहिरीत टाकलेल्या यिर्मया संदेष्ट्याला दोर व चिंध्यांच्या साहाय्याने वर काढणारा एबद-मलेख कूशीच. फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेणारा कांदके राणीचा कोषाधिकारीही त्याच देशाचा. (कांदके हे व्यक्तिनाम नसून बिरुद होय.) कूश म्हणजे ईजिप्तच्या दक्षिणेचा नाईलकाठचा प्रदेश, शरणपूरची मुले बहुतांशी पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातील, म्हणून हे नाते वंशाचे नव्हे, श्रद्धेचे.

मिशनच्या वृत्तांतांत आफ्रिकी मनुष्य बहुधा उपदेश ऐकणाराच दिसतो. प्रत्यक्षात १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली, ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडावर लेखही त्यानेच कोरला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने डीकनपदाची दीक्षा दिली. मोंबासाजवळ १८७५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रिअरटाउन वसाहतीत नासिकहून गेलेल्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत.