पेनिसिलिनचे गाव आणि जीवनसत्त्व ई : थाळीत मेलेली पेशी शरीरातही मरते का?

१/ गेल्या दिवाळीत निगडीच्या मावशीने माझ्यापुढे एक हिरवी कॅप्सूल ठेवली. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. रोजच्या टॅमॉक्सिफेनने अंगाची लाही होते, म्हणून ते सोडून नुसते जीवनसत्त्व ई घ्यावे, असे तिच्या मनात होते. "प्रयोगशाळेत याने कर्करोगाच्या पेशी मेल्या म्हणे. तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, खरं काय ते." हा धागा त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

२/ मावशीच्या विश्वासाला आमच्या गावाचाच इतिहास कारण आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. पण त्याआधीच, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. सार्वजनिक क्षेत्रातील देशाचा हा पहिला औषध कारखाना. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य त्याला लाभले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

३/ पुढे याच कारखान्याच्या संशोधकांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना'. आपल्या गावाचे नाव असे विज्ञानाच्या कोशात गेले! थाळीत जंतू मरतो, त्याच पदार्थाने रोगी बरा होतो, हे पिंपरीने डोळ्यांनी पाहिले होते.

४/ मात्र पेनिसिलिनचे यश एका विशेष कारणामुळे होते. ते जंतूची भिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. म्हणून शत्रू मरतो, घर शाबूत राहते. कर्करोगाची पेशी ही परकी नव्हे, ती आपल्याच घरातली. तिला वेगळे काढून मारणे, हाच सगळा पेच आहे.

५/ आता जीवनसत्त्व ई. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसले, की विशिष्ट आहारावरील उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नाहीत. हिरवा पाला दिला की टिकतात. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो घटक वेगळा झाला. त्याचे नाव टोकोफेरॉल ठेवले, ग्रीक भाषेत 'प्रसूती घडवणारे'.

६/ जीवनसत्त्व ई हा एकच पदार्थ नाही. ती आठ भावंडे आहेत : चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. दुकानातील कॅप्सूलमध्ये बहुधा अल्फा टोकोफेरॉल असते. स्तनकर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत लक्षणीय परिणाम दिसला तो मुख्यतः गॅमा व डेल्टा टोकोट्रायनॉलचा आणि अल्फा टोकोफेरिल सक्सिनेट या संयुगाचा. म्हणजे बातमी एका भावंडाची आणि गोळी दुसऱ्याची.

७/ आणि शरीर स्वतःची निवड करते. यकृतातील एक प्रथिन अल्फा टोकोफेरॉल जपून रक्तात पाठवते. बाकीची भावंडे लवकर बाहेर टाकली जातात. सक्सिनेट तोंडावाटे घेतले, तर आतड्यातच त्याचे विघटन होऊन साधे टोकोफेरॉल उरते. थाळीत ना यकृत असते, ना आतडे.

८/ थाळीतील पेशींचे हे शास्त्र भारतात रुजवणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या. कमल समर्थ, नंतरच्या डॉ. कमल रणदिवे, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

९/ त्यानंतर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'हेला' ही जगप्रसिद्ध पेशीमालिका १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढली. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधील स्तनकर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकत्रित संबंध त्यांनी अभ्यासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. इतकी कारणे गुंतलेला रोग एका कॅप्सूलला शरण जाईल, ही आशा किती भाबडी आहे, ते त्यांच्या कामावरूनच कळते.

१०/ थाळी आणि उंदीर यांच्यापुढची पायरी म्हणजे माणसांवरील चाचणी. अमेरिकेत ३९,८७६ निरोगी स्त्रियांवर सुमारे दहा वर्षे चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना दिवसाआड ६०० युनिट जीवनसत्त्व ई दिले. २००५ चा निष्कर्ष : स्तनाचा कर्करोग कमी झाला नाही. मलेशियात २४० रुग्ण स्त्रियांना ५ वर्षे टॅमॉक्सिफेन दिले आणि काहींना सोबत टोकोट्रायनॉल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात जगण्याच्या प्रमाणातील फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या : टॅमॉक्सिफेन कोणाचेच थांबवले नव्हते.

११/ 'फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?' असे कोणी म्हणेल. ३५,५३३ पुरुषांच्या एका चाचणीत रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निकाल २०११ चा. तो पुरुषांचा आहे, स्तनकर्करोगाचा नव्हे. पण 'जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी' हा समज मोडायला पुरेसा आहे. शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाचे तेल यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. भीती अन्नाची नाही, मोठ्या मात्रेची आहे.

१२/ याचा अर्थ थाळीतले प्रयोग खोटे, असा नव्हे. कित्येक औषधांचा प्रवास थाळीतूनच सुरू होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनाची प्रत लावावी लागते : बखर हाही पुरावा आणि समकालीन पत्र हाही पुरावा, पण दोघांचे वजन सारखे नसते. थाळी, उंदीर आणि माणूस यांचेही तसेच आहे.

१३/ मावशीला मी एवढेच सांगितले. टॅमॉक्सिफेन मनाने बंद करू नकोस. लाही होते ती डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात, आणि ही कॅप्सूलही त्यांना दाखव. ती थोडी रागावली, मग म्हणाली, "मंगळवारी तारीख आहे. तूच चल बरोबर." मी गेले. ओळखीच्या कोणाच्या पिशवीत अशी कॅप्सूल दिसली, तर तुम्हीही बरोबर जा.