मामांची सरकी

परवा पैठणला मामांकडे गेले होते. ओसरीवर चहा पिता पिता मामांनी विचारलं, "तू सायन्सवाली नं? मग सांग, सरकीत ते औषध घातलं कोणी?" वीसेक वर्षं बीटी कापूस लावताहेत, आणि प्रश्न आत्ता पडला!

हसू आलं, पण उत्तरासाठी थेट १९०७ सालात जावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवलं की डेझीच्या झाडांवरच्या गाठी मातीतल्या एका जिवाणूमुळे येतात. हाच अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. पुढे १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांना त्या गाठीत, म्हणजे झाडाच्याच पेशींत, जिवाणूच्या डीएनएचा तुकडा सापडला.

तो तिथे जातो कसा, ही खरी गंमत. झाडाला जखम झाली की पाझरणाऱ्या रसायनांवरून जिवाणूला सुगावा लागतो. तो आपल्या डीएनएच्या एका सुट्या कड्यातून ठरावीक भागाचा एकपदरी धागा सोडवतो. धाग्याच्या टोकाला व्हिर-डी२ नावाचं प्रथिन चिकटलेलं, वाटाड्यासारखं. जिवाणूच्या दोन्ही आवरणांतून आरपार एक यंत्रणा बसवलेली असते. ती उभी करायला बारा तऱ्हेची प्रथिनं लागतात. तिला चौथ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात (नाव रुक्ष आहे, इलाज नाही). वाटाड्यासकट धागा तिच्यातून झाडात शिरतो. धाग्याला जपणारं व्हिर-ई२ हे प्रथिनही जातं त्याच वाटेने, पण वेगळं. जिवाणू एकमेकांना अँटिबायोटिकला दाद न देण्याची जनुकं देतात, तीही बऱ्याचदा याच घराण्यातल्या यंत्रणेने.

शास्त्रज्ञांनी गाठीची जनुकं काढून तिथे हवं ते ठेवलं. कापसात ठेवलं बीटी जिवाणूचं अळीमारक जनुक. अमेरिकेतल्या कोकर ३१२ या वाणातून ते आपल्या शेजारच्या जालन्याच्या महिकोने इथल्या वाणांत संकराने आणलं. लागवडीला परवानगी मिळाली २६ मार्च २००२ ला.

"म्हंजी औषध घातलंच नाही. झाडच करतंय," मामा म्हणाले. अगदी बरोबर!

मग २०१७ चा विषय निघालाच. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी महाराष्ट्रभर कापूस खाल्ला. मामांची अर्धी बोंडं किडकी निघाली होती. तेव्हा सांगून टाकलं. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या बीटी सरकीसोबत १२० ग्रॅमचं साध्या सरकीचं पाकीट यायचं. कडेने ते लावायचं, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्यांशी जुळतात आणि विष पचवणारी पिढी लवकर माजत नाही.

"ते बारकं पाकीट? बांधावर भिरकावलं मी."

मला आठवत होतं. मी अकरावीत होते आणि सोबतचं पत्रक वाचायला मामांनी मलाच दिलं होतं. मी वरवर बघून म्हणाले होते, "काही नाही हो, फुकट दिलंय."

मामांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.