पोलिसातली नोकरी आणि ‘मुल्की’ माणूस

घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांचा मुल्की दाखला सापडला, तर रद्दीत टाकू नका. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीला, अगदी पोलिसातल्यासुद्धा, माणूस मुल्की असावा लागे. १९१९ च्या नियमांप्रमाणे तो जन्माने संस्थानचा प्रजाजन हवा. नाहीतर १५ वर्षं इथे कायम राहून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं त्यानं लिहून द्यायचं. कारभार उर्दूत चाले, पण मुल्की ठरवताना मातृभाषेची अट नव्हती. म्हणून मराठी माणूसही तेलुगू, कानडी माणसाइतकाच मुल्की.

१९७३ च्या घटनादुरुस्तीनंतर हे नियम गेले. १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ‘स्थानिक उमेदवार’ आला. पण १४(एफ) कलमाने हैदराबाद शहर पोलिसांना त्यातून वगळलं. ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वगळणं मान्य केलं. शहराच्या पोलिसात आंध्रातला उमेदवारही चालणार, म्हणून तेलंगणात असंतोष उसळला. २९ नोव्हेंबरला के. चंद्रशेखर राव उपोषणाला निघाले आणि ९ डिसेंबरला केंद्राने वेगळ्या राज्याची प्रक्रिया जाहीर केली.

शिपायाच्या भरतीतला प्रश्न शेवटी एवढाच होता: इथला कोण? आपल्या आजोबांपुरतं त्याचं उत्तर त्या दाखल्यावर आहे.