लावा : एका नावाचा घोळ आणि संकराचा प्रश्न

घरामागे पिंजरा ठेवून लावे पाळणारी माणसे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. दोन प्रकारचे लावे एकत्र सोडले तर पिल्ले होतील का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर 'लावा' या शब्दाच्या इतिहासात अडकलेले आहे. कोणाचा कोणाशी संकर करायचा हे ठरवण्याआधी हातात धरलेला पक्षी नेमका कोण, हे ठाऊक असावे लागते. मराठीने गेली कित्येक शतके हे ठरवण्याची तसदी फारशी घेतलेली नाही.

कुरुंदवाडच्या आसपासच्या काळ्या रानात ज्वारीच्या ताटांतून किंवा बांधावरच्या गवतातून पायाशी भर्रकन उडून जाणारा ठेंगणा, तपकिरी, बिनशेपटीसारखा दिसणारा पक्षी म्हणजे लावा. एवढी ओळख शेतकऱ्याला पुरते. पक्षिशास्त्राला ती पुरत नाही. या एका नावाखाली निदान तीन निराळी घराणी नांदतात. पहिले कॉटर्निक्स वंशाचे : हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा सामान्य लावा आणि पावसाळ्यात गवतात घरटे करणारा, नराच्या छातीवर काळा डाग असलेला पावसाळी लावा. दुसरे पर्डिक्युला वंशाचे, माळावर आणि झुडपांत थव्याने राहणारे. तिसरे टर्निक्स, ज्यांना आपल्या पक्षिसूचींत दुर्लाव म्हणतात. दुर्लावाच्या पायाला मागचे बोटच नसते. त्याची मादी नरापेक्षा रंगाने उठावदार असते, तीच साद घालते आणि अंडी मात्र नर उबवतो. आज जनुकांच्या अभ्यासानंतर दुर्लाव कोंबडीच्या गणात धरले जात नाहीत. त्यांची गणना कुरव आणि पाणथळीतल्या तुतवारांसारख्या पक्ष्यांच्या गणात होते. म्हणजे दिसायला जुळा भाऊ आणि नात्याने पार परका.

जुन्या संस्कृत ग्रंथकारांना यातला काही भेद ठाऊक होता. ऋग्वेदात अश्विनीकुमार लांडग्याच्या तोंडातून जिला सोडवतात ती 'वर्तिका'. चरकसंहितेत नखांनी उकरून खाणाऱ्या 'विष्किर' पक्ष्यांची यादी आहे. तिच्यात 'लाव' आणि 'वर्तक' ही नावे स्वतंत्रपणे येतात. त्यांचे मांस निराळ्या गुणांचे मानले, म्हणजे पक्षीही निराळे मानले. पुढे उत्तरेत वर्तकाचा 'बटेर' झाला आणि 'लवा' हा वेगळा शब्द टिकला. मराठीत 'लावा'च सगळ्यांना पुरला.

हा गुंता दख्खनमध्ये पहिल्यांदा नोंदवहीत सोडवू पाहिला तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. एल्फिन्स्टनने 1824 मध्ये त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या, जमाबंदी हे त्याचे काम. ते करता करता त्याने दख्खनचे पक्षी जमवले आणि 1832 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची यादी मांडली. त्या यादीत शास्त्राला नवे असे दोन लावे होते. एकाला त्याने 'अर्गुंडा' हे देशी नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. दुसऱ्याला त्याच्या लाल चोचीवरून नाव दिले. दोघांनाही त्याने कॉटर्निक्स याच वंशात बसवले होते. पाचच वर्षांनी, 1837 मध्ये, नेपाळात बसलेल्या ब्रायन हॉजसनने पर्डिक्युला हा वेगळा वंश कल्पिला आणि साइक्सचे दोन्ही लावे पुढे तिकडे गेले. साइक्ससारखा चौकस माणूसही या बाबतीत बाह्यरूपाला भुलला होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

ज्यांना हे भेद रोजच्या पोटासाठी कळत होते, त्यांची नोंद मात्र कोणी घेतली नाही. फासेपारधी बांबूच्या कामट्यांना फास बांधून त्यांची रांग लावत, शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पाखरू हळूहळू त्या रांगेकडे ढकलत आणि नराची साद तोंडाने हुबेहूब काढत. ज्याला साद काढायची आहे त्याला ती कोणाची हे ठाऊक असणारच. पावसाळी लाव्याची साद दोन सुरांची, सामान्य लाव्याची तीन तुकड्यांची. कानाने केलेले हे वर्गीकरण पुस्तकी वर्गीकरणाइतकेच काटेकोर होते. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि हे ज्ञान बाळगणारी माणसे पोलीस ठाण्याच्या हजेरीपटात गेली.

आज पिंजऱ्यात दिसणारा लावा यांपैकी कोणीच नाही. तो जपानी लावा, कॉटर्निक्स जॅपोनिका. जपानात तो आधी गाण्यासाठी पाळला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंड्यांसाठी त्याची निवडपैदास सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात तिथले बहुतेक कळप नष्ट झाले आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांतून पुन्हा वाढवावे लागले. भारतात तो 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे 'कॅरी उत्तम', 'कॅरी उज्ज्वल', 'कॅरी श्वेता' असे वाण काढले. अनेकजण यांनाच संकरित लावे समजतात. पण हे एकाच प्रजातीतले निवडलेले वाण आहेत. खिलार आणि देवणी हे दोन्ही बैलच, तसे.

खरा संकर दोन प्रजातींतला. त्याचा एक नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1922 मध्ये मांडला. हेच हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात स्थायिक झाले. दूरच्या दोन जातींच्या संकरात एखादे लिंग कमी पडत असेल किंवा वांझ निघत असेल, तर ते बहुधा दोन निरनिराळी लिंगसूत्रे असणारे लिंग असते. सस्तन प्राण्यांत तो नर, पक्ष्यांत मादी. कोंबडी आणि जपानी लावा यांचा संकर प्रयोगशाळेत कृत्रिम रेतनाने झाला आहे. त्यातून जगणारी पिल्ले बहुतांश नर आणि वांझ असतात. असा संकर एका पिढीत आपोआप संपतो. जपानी आणि सामान्य लावा मात्र इतके जवळचे, की पूर्वी त्यांना एकाच प्रजातीचे पोटभेद मानत. त्यांची संकर पिल्ले फलनक्षम असतात आणि सहज वाढतात. सतरा-अठरा दिवसांत अंडे फुटते. अंगठ्याएवढे पिल्लू पाण्याच्या ताटलीत बुडू नये म्हणून तिच्यात खडे टाकायचे, पहिले काही दिवस दिव्याची ऊब द्यायची, की सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते. धोका या सहजतेतच आहे.

तो युरोपात दिसला. स्पेन, फ्रान्स, इटली या देशांत शिकारीच्या हौसेसाठी पिंजऱ्यात वाढवलेले लावे हजारोंनी रानात सोडले गेले. ते जपानी तरी होते किंवा संकर तरी. मग रानातल्या लाव्यांत संकर सापडू लागले. त्यांच्या सादेवरूनही ते ओळखू येत, कारण ती दोन्ही पालकांच्या मधली असे. सामान्य लावा समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाणारा प्रवासी. पिंजऱ्यातल्या पिढ्यांत मात्र स्थलांतराची ओढ मंदावलेली आणि अंडी उबवण्याची बुद्धीही जवळजवळ गेलेली. असे रक्त मिसळले तर पक्षी दिसायला लावाच राहतो. त्याचा रस्ता तेवढा हरवतो.

आपल्याकडे घोळ वेगळ्या वाटेने झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत इंग्रजीतला 'क्वेल्स' हा सरसकट शब्द होता. त्याच्या आधारे 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जपानी लाव्याच्या शेतीला नवे परवाने देऊ नयेत असे राज्यांना कळवले. चार दशके पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी एका सामान्यनामामुळे रानपाखरू ठरला. काही वर्षांनी ही बंदी उठली. पाळणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे : सूट पिंजऱ्यातल्या जपान्याला आहे. रानातला लावा संकरासाठी पकडणे हा आजही गुन्हाच आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या आमच्या या पटवर्धनी गावात 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. पुढच्या दशकांत नदीचे पाणी उपसा योजनांनी रानात चढले आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. गवताचे बांध अरुंद झाले. पावसाळी लाव्याला अंडी घालायला जे उघडे गवत लागते, ते आता तुकड्यातुकड्यांनी उरले आहे. अशा विरळ झालेल्या पाखरांत पिंजऱ्यातून सुटलेले, त्यांच्याच वंशाचे पाखरू मिसळणे ही गंमत नव्हे. रान मोठे आणि पाखरे पुष्कळ असती, तर थोडे परके रक्त पचलेही असते.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, काही लाव्यांचा संकर होतो, आणि ज्यांचा सहज होतो त्यांचाच करू नये. जपानी लावा जरूर पाळावा, जोडधंदा म्हणून तो चांगला आहे. फक्त पिंजऱ्याची कडी पक्की असावी. आणि त्याला नुसते 'लावा' न म्हणता 'जपानी लावा' म्हणावे. दोन शब्द वापरायला काही खर्च येत नाही. पहिल्या पावसानंतर बांधावरून दोन सुरांची साद आली, तर ती कोणाची हे सांगणारा एखादा माणूस गावात असावा. अजून काही वृद्ध पारधी ते सांगू शकतात. त्यांना विचारून लिहून ठेवण्याचे काम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबण्यासारखे नाही.